आधी अ‍ॅम्पची पाठ बघा

जून लागला की माझ्या टपालाचा सूर बदलतो. एरवी 'स्पीकरमधून भुणभुण येते', 'पॉट (आवाजाचं बटण) फिरवला की खरखर होते' अशी पत्रं असतात. जूनमध्ये 'व्हिसा आला, आता अ‍ॅम्पचं काय करू?' सुरू होतं. (अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र.) या वेळी अशी इतकी पत्रं साठली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून हा सगळा स्तंभ निघालेल्यांना आणि परतणाऱ्यांना देते आहे.

जवळजवळ प्रत्येकाने प्लगची चौकशी केली आहे. प्लग हा शेवटचा प्रश्न. अ‍ॅम्प उलटा फिरवा. जिथे वायर आत शिरते तिथे एक पट्टी चिकटवलेली किंवा छापलेली असते. तिच्यावर व्होल्ट, हर्ट्झ (विजेची लाट सेकंदाला किती वेळा येते) आणि वॅट असे तीन आकडे असतात. ते तीन आकडे पत्रात नसतील तर माझ्याकडून 'आकडे कळवा' एवढंच उत्तर जातं, मग लोक रागावतात. रागवा, पण आकडे पाठवा.

प्रश्न : ताई, ऑगस्टमध्ये कंपनी मला शिकागोला पाठवते आहे, निदान तीन वर्षांसाठी. माझ्याकडे 15 वॅटचा व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरऐवजी तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प आहे, इथेच घेतलेला. पट्टीवर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 100 वॅट असं आहे. बाजारात 1600 वॅटचा ट्रॅव्हल कन्व्हर्टर पाहिला, तळहाताएवढा आणि अगदी हलका. चुलतभाऊ तिथेच असतो. तो म्हणतो, काही घेऊ नकोस, कपडे वाळवायच्या मशीनच्या सॉकेटला 240 व्होल्ट येतात, तिथे लाव. यातलं काय करू? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : दोन्ही नको. पण दोन्ही का नको ते नीट सांगते, म्हणजे तिथे कोणी तिसरंच काही सुचवलं तर तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

तो तळहाताएवढा डबा आधी बाजूला ठेवा. 1600 वॅटचा खरा ट्रान्सफॉर्मर हातात धरून बघा, दहा-पंधरा किलोचा लोखंडाचा ठोकळा असतो तो. मग हा हलका कसा? कारण त्यात ट्रान्सफॉर्मर नसतोच. आत एक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो आणि तो विजेच्या लाटेचे तुकडे पाडतो. केस वाळवायच्या ड्रायरला, इस्त्रीला ते चालतं, कारण त्यांना फक्त तापायचं असतं. अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरला मात्र गुळगुळीत लाट लागते. तुकडे झालेल्या लाटेवर तो गुरगुरतो, तापतो आणि शेवटी जळतो. शिवाय असले बरेच डबे 230 चे 120 करणारे असतात. तुम्हाला हवं आहे उलटं, 120 चे 230.

आता चुलतभावाचं म्हणणं. विजेचं गणित त्यांचं बरोबर आहे. अमेरिकेतल्या घरात 120 व्होल्टच्या दोन जिवंत तारा येतात आणि त्या दोघींमध्ये 240 मिळतात. 60 हर्ट्झचंही तुम्हाला भय नाही. 50 हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर 60 वर उलट थोडा थंडच चालतो. घोळ वेगळा आहे. आपल्याकडे एक तार फेज आणि दुसरी न्यूट्रल. तिथे त्या सॉकेटमध्ये दोन्ही फेज. अ‍ॅम्पचं बटण आणि फ्यूज बहुतेक वेळा एकाच तारेत असतात. म्हणजे बटण बंद केलंत, लाल दिवा विझला, तरी दुसऱ्या तारेतून वीज आत उभीच असते. वर त्या सॉकेटचा ब्रेकर साधारण 30 अँपिअरचा. तुमच्या पातळ वायरमध्ये काही शॉर्ट झालं तर ब्रेकर पडायच्या आत वायर पेटेल. आणि खरं सांगू, कपडे वाळवायच्या खोलीत उभं राहून कोण वाजवणार?

तुम्हाला हवा आहे साधा, जड, लोखंडी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर : 120 आत, 230 बाहेर. तो इथून ओझं करून नेऊ नका, तिथेच घ्या; तिथला प्लग आणि तिथली अर्थिंग असलेला मिळेल. केवढा घ्यायचा? इथे '15 वॅट' विसरा. तो आवाज आहे. पट्टीवरचे 100 वॅट ही भूक आहे. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये बरीच वीज व्हॉल्व्ह तापवण्यातच जाते आणि चालू करताक्षणी तर तो नेहमीपेक्षा जास्त घोट घेतो. म्हणून भुकेच्या निदान दुप्पट-तिप्पट धरा. 300 व्हीएचा ट्रान्सफॉर्मर (ट्रान्सफॉर्मरची ताकद व्हीएमध्ये मोजतात, इथे ती वॅटसारखीच धरा) तुम्हाला पुरून उरेल. विकत घेताना एवढंच बघा की अर्थची पिन आतून पलीकडे खरंच जोडलेली आहे. काही स्वस्त डब्यांत तिसरं भोक असतं, पण त्याच्यामागे तार नसते. मल्टिमीटरने अर्ध्या मिनिटात कळतं. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थशी जोडलेल्या असतात आणि त्या तारांवर तुमची बोटं असतात, एवढं ध्यानात ठेवलंत की बाकी सांगायला नको.

ट्रान्सफॉर्मर अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवू नका. चार हात लांब, जमिनीवर ठेवा. त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र असतं आणि सिंगल कॉइल पिकअप (गिटारच्या तारांखाली असतात ती एकेरी वेटोळ्याची चुंबकं) ते आनंदाने उचलतात. भुणभुण तिथेही येईलच, फक्त वेगळ्या सुरात येईल. आपली 50 हर्ट्झची भुणभुण पाश्चात्त्य जी सुराच्या अगदी जवळ बसते (जी म्हणजे 49 हर्ट्झ). अमेरिकेची 60 ची बी-फ्लॅट आणि बी यांच्या मधोमध लटकते, ना धड इकडे ना तिकडे. कान तयार असलेल्या माणसाला पहिले काही दिवस त्याचा फार त्रास होतो.

याहून सुटसुटीत एक मार्ग असू शकतो. काही कंपन्या सगळ्या देशांसाठी एकच ट्रान्सफॉर्मर घालतात, त्याच्या प्राथमिक (वीज आत येते त्या) बाजूला वेगवेगळ्या व्होल्टेजच्या तारा असतात आणि ज्या लागत नाहीत त्या आत टोपी घालून बांधून ठेवलेल्या असतात. जुन्या मार्शल आणि व्हॉक्स अ‍ॅम्पना तर मागे व्होल्टेज निवडायचा खटकाच असायचा. तुमच्या अ‍ॅम्पचा सर्किट डायग्राम मिळवा. 120 ची तार असेल तर जाणकार माणूस तासाभरात बदल करून देईल आणि ट्रान्सफॉर्मरची गरजच उरणार नाही. तेव्हा फ्यूजही बदलायचा : 230 ला 1 अँपिअरचा असेल तर 120 ला 2 अँपिअरचा, आणि तोही सावकाश उडणारा, ज्याच्यावर टी अक्षर असतं. हे घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन करायचं काम नाही. प्लग काढून ठेवला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये तीन-चारशे व्होल्ट बसून राहू शकतात.

आणि समजा गडबडीत तुम्ही तुमचा 230 चा अ‍ॅम्प थेट तिथल्या 120 ला लावलात, तर घाबरू नका. काही जळणार नाही. व्हॉल्व्हच्या फिलॅमेंटला (आतल्या तापणाऱ्या तारेला) 6.3 ऐवजी सव्वातीन व्होल्ट मिळतील आणि अ‍ॅम्प मुका बसेल, इतकंच. उलट्या दिशेने केलं तर काय होतं ते पुढच्या उत्तरात.

कस्टमचं एका वाक्यात : परदेशात निदान वर्षभर वापरलेलं घरसामान अमेरिकेत राहायला जाताना शुल्क न भरता नेता येतं, म्हणून खरेदीची पावती आणि सीरियल नंबरचा फोटो जवळ ठेवा. तीन वर्षांनी परत आणणार असाल तर इथून निघताना विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. त्यासाठी सामान चेक-इन करण्याआधी वेळ काढून जावं लागतं, आणि तेवढा वेळ कोणी काढत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतून कायमचे नाशिकला परत येत आहोत. माझ्याकडे फेंडर कंपनीचा 40 वॅटचा व्हॉल्व्ह कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आहे, वजन वीस किलो. इथल्या मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी वाजवला. मागे 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ, 180 वॅट लिहिलं आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला की झालं ना? काही मित्र म्हणतात इकडेच विकून या. – एक वाचक, एडिसन

उत्तर : तुमचं प्रकरण पहिल्या पत्रापेक्षा अवघड आहे, आणि 'झालं ना?' असं विचारणाऱ्यांना ते कोणी सांगत नाही.

व्होल्ट ट्रान्सफॉर्मरने बदलतात, हर्ट्झ बदलत नाहीत. 230 चे 120 झाले तरी ते 50 हर्ट्झचेच राहतात. अमेरिकेत विजेची लाट एका दिशेने साधारण 8.3 मिलिसेकंद ढकलते, आपल्याकडे 10. म्हणजे अ‍ॅम्पमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाला प्रत्येक खेपेला 20 टक्के जास्त चुंबकत्व पेलावं लागतं. लोखंड सढळ हाताने घातलेलं असेल तर ते पेलतं. कंजुषीने घातलेलं असेल तर ते भरून जातं, मग प्राथमिक वेढ्यांतून भलताच करंट वाहतो, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि गुरगुरतो. कधी वर्षभर चालतो, कधी पहिल्याच कार्यक्रमात जातो.

तेव्हा पहिली गोष्ट : मंडळातल्या कोणा अभियंत्याला सोबत घ्या, नाहीतर तिथल्या दुरुस्तीवाल्याकडून, निघायच्या आधी मागची झाकणी उघडून ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर काय छापलंय ते बघून घ्या. पट्टीवर 60 असलं तरी ट्रान्सफॉर्मरवर 50/60 असू शकतं, आणि टोपी घातलेल्या 230 च्या तारा दिसल्या तर लॉटरीच लागली. इथे आल्यावर जोड बदलायचा, फ्यूज निम्म्याचा घालायचा, स्टेप-डाउनचा विचारही करायचा नाही.

तशा तारा नसतील तर दोन वाटा. एक, स्टेप-डाउन. आणि इथे एक गंमत तुमच्या बाजूची आहे. आपल्या बाजारात हे ट्रान्सफॉर्मर बहुतेक 230 चे 110 करणारे मिळतात. लोक 120 वाला शोधत फिरतात. कशाला? लोखंडावरचा ताण व्होल्ट भागिले हर्ट्झ असा मोजतात. अमेरिकेत 120 भागिले 60, म्हणजे 2. इथे 120 भागिले 50, म्हणजे 2.4. तेच 110 दिलेत तर 2.2, म्हणजे जादा ताण वीसवरून दहा टक्क्यांवर आला. फिलॅमेंटला 6.3 ऐवजी सुमारे 5.8 व्होल्ट मिळतील, तेवढं व्हॉल्व्ह सहन करतात. आवाज किंचित मऊ होईल. काही वादकांना तो जास्तच आवडतो. 180 वॅटच्या भुकेला 500 व्हीएचा घ्या, आणि दोन वेगळी वेटोळी असलेला 'आयसोलेशन' प्रकारचा मागा. स्वस्तातले बरेचसे ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात. त्यात दोन्ही बाजू एकाच वेटोळ्याने जोडलेल्या राहतात, आणि आत न्यूट्रल तुटली की 110 च्या जागी सरळ 230 पुढे जातात.

दुसरी वाट, पॉवर ट्रान्सफॉर्मरच बदलून घेणं. माझे वडील बुधवार पेठेत व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचे, तेव्हापासून पाहते आहे : तपकीर गल्लीच्या आसपास नमुन्यावरून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे कारागीर होते आणि त्या हातांचं काम कुठल्याही परदेशी मालाला तोडीस तोड असे. आता अशी माणसं कमी झाली आहेत, पण आहेत. जुना ट्रान्सफॉर्मर मात्र फेकू नका. पुढे कोणाला विकायचा झाला तर मूळ भागासकट अ‍ॅम्पला वेगळी किंमत येते.

तासाभराची एक परीक्षा सांगते. जोडणी झाली की गिटार न लावता अ‍ॅम्प नुसता चालू ठेवा, समोर बसून. तासानंतर ट्रान्सफॉर्मरच्या बाजूच्या बाहेरच्या पत्र्यावर तळहात ठेवा. ठेवून धरवत नसेल किंवा वार्निशचा वास येत असेल, तर बंद करा आणि आधी इलाज करा.

नाशिकची वीज रात्री कधी 245-250 वर जाते, दुपारी खाली येते. तुमचा अमेरिकी अ‍ॅम्प अशा लाटांना सरावलेला नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या आधी एक चांगला स्टॅबिलायझर लावा. आणि ज्या दिवशी सामान पोचेल त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की ही वायर भिंतीत घालायची नाही. 120 चा अ‍ॅम्प 230 ला लागला तर नशीब असेल तर फ्यूज उडतो. नसेल तर कपॅसिटर फुटतात आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. उत्साही पाहुण्यांपासून जपायचा सोपा उपाय म्हणजे अमेरिकी प्लग कापू नका. दोन चपट्या पिना आपल्या गोल भोकात जात नाहीत, तेवढंच संरक्षण. घरात युनिव्हर्सल सॉकेट असतील तर तेही नाही.

व्हॉल्व्हचा एक जादा संच तिथूनच आणा. एकेकाळी बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनायचे आणि वडिलांच्या टेबलावर त्यांच्या खोक्यांची चळत असायची. आज जगात व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने मोजकेच उरलेत, मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये. 2022 च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात थांबवल्यावर काही आठवड्यांत जगभर किमती कशा चढल्या ते दुरुस्तीवाले विसरलेले नाहीत.

विकून या म्हणणाऱ्या मित्रांचं ऐकायचं का? अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा असता तर मी 'ऐका' म्हटलं असतं. व्हॉल्व्हचा फेंडर, हाताला बसलेला, मंडळाच्या मांडवात वाजलेला : आणा. फक्त वर लिहिलेली तपासणी तिकडे असतानाच करा. आणि तुमच्याकडे जुना हॅमंड ऑर्गन किंवा विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारी रेकॉर्डची तबकडी असेल तर तिला हा नियम लावू नका. जुन्या हॅमंडमधली स्वरचक्रं, म्हणजे सूर काढणाऱ्या चकत्या, विजेच्या हर्ट्झवरच फिरतात. 60 चा ऑर्गन 50 वर लावला की प्रत्येक सूर तीन अर्धसुरांहून थोडा जास्तच खाली उतरतो. सी दाबा, ए ऐकू येईल, आणि तोही बेसूर.

परत येताना घरसामानावर कस्टमची सवलत मिळते. ती तुम्ही किती काळ बाहेर होतात यावर ठरते. त्यांचे नियम आणि रकमा बदलत राहतात, तेव्हा कुणा काकांच्या अनुभवावर न जाता केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावरचा चालू नियम वाचून मगच सामान बांधा.

प्रश्न : माझा मुलगा आखेनला एम.एस.ला चालला आहे. अभ्यासापेक्षा गिटारची काळजी जास्त. 20 वॅटचा छोटा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आहे, 230 व्होल्ट. मी म्हणते ठेव इथेच, तो ऐकत नाही. तुम्हीच सांगा त्याला. – एक आई, सांगली

उत्तर : वहिनी, विजेच्या बाजूने तो जिंकला. जर्मनीत 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, आपल्यासारखंच. अ‍ॅम्प तिथे उतरेल आणि वाजेल.

प्लगचं मात्र त्याला नीट समजावते. अरे, आपल्या थ्री-पिन टॉपवर विमानतळावरचा पांढरा युनिव्हर्सल अ‍ॅडॅप्टर चढवू नकोस. त्यातले बरेच अर्थ पुढे नेतच नाहीत. जर्मन सॉकेटमध्ये अर्थ पिनेत नसते, वर-खाली दोन पत्र्याच्या पट्ट्या असतात; त्यांना टेकणारा प्लगच हवा. अ‍ॅम्पची वायर मागून उपसून निघते का बघ. कॉम्प्युटरच्या वायरसारखं तीन पिनांचं तोंड असेल तर काम संपलं. ती वायर घरी ठेव, तिथे पोचल्यावर तशाच तोंडाची जर्मन प्लगवाली वायर घे. तिच्यापायी काही खास खर्च होत नाही, आणि हे सगळ्या देशांना लागू आहे.

पण सामानाच्या बाजूने आई जिंकल्या. 20 वॅटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प म्हणजे आठ-दहा किलो वजन. तेवढ्यात जाकीट, कुकर आणि मेतकूट-भाजणीचे डबे जातात. शिवाय तिथे भिंतीपलीकडे शेजारी असतात आणि रात्री दहानंतरच्या शांततेबद्दल ते फार काटेकोर असतात. तुझा अ‍ॅम्प इथे विक, गिटार ने, आणि हेडफोनला चालणारं एखादं छोटं यंत्र घे, ज्याच्या अ‍ॅडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ लिहिलेलं असेल. असं लिहिलेली वस्तू जगात कुठेही चालते. पेडलचा (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायच्या डबीचा) अ‍ॅडॅप्टरही तसलाच घे. आत लिथियमची बॅटरी असेल तर ती वस्तू विमानात हातातल्या बॅगेत ठेव. सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक तर चेक-इनच्या बॅगेत मुळीच चालत नाही.

प्रश्न : रत्नागिरीहून दुबईला जातोय. अ‍ॅम्प 230/50/60 वॅट. चालेल? – एक वाचक

उत्तर : चालेल. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चपट्या पिनांचा. पुढे सौदीला बदली झाली तर तिथे 60 हर्ट्झ आहे, पण तुमच्या अ‍ॅम्पला त्याने काही होत नाही. पत्र असं लिहावं!

प्रश्न : टोकियोत निशिकासाईला राहायला चाललो आहे. कोणी म्हणतं जपानमध्ये 50 हर्ट्झ, कोणी म्हणतं 60. अ‍ॅम्प 30 वॅटचा, व्हॉल्व्ह, 230/50. नेमकं खरं काय? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोघंही खरे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जनित्रं जर्मनीच्या एईजीकडून घेतली, ती 50 ची. ओसाकाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून घेतली, ती 60 ची. दोन्हीकडे जाळं वाढत गेलं आणि देश मधोमध कापला गेला. पूर्वेला टोकियो, सेंदाई, होक्काइदो 50 वर. पश्चिमेला नागोया, ओसाका, क्योटो 60 वर. 2011 च्या मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामीनंतर टोकियोकडे विजेचा खडखडाट झाला, पश्चिमेकडची वीज पूर्वेला हवी तेवढी पाठवता येईना, कारण हर्ट्झ बदलून देणारी केंद्रं तेवढ्या ताकदीची नव्हती.

तुम्ही टोकियोत म्हणजे 50 वर, आणि उद्या ओसाकाला गेलात तरी 230/50 चा अ‍ॅम्प 60 वर बिनघोर चालतो. तुमचा खरा प्रश्न आहे 100 व्होल्टचा. जपानमध्ये घरगुती वीज 100 आहे, अमेरिकेसारखी 120 नाही. दुकानात 120 वरून 230 करणारा ट्रान्सफॉर्मर घेतलात तर 100 वर तो जेमतेम 190 देईल आणि अ‍ॅम्प दमलेला वाजेल. 100 वरून 230 असंच मागा.

आणखी एक. तिथल्या खोल्यांतले बरेच सॉकेट दोन पिनांचे असतात, अर्थ नसते. धुलाई यंत्राजवळ किंवा स्वयंपाकघरात अर्थचा वेगळा स्क्रू मिळतो. घर बघायला जाल तेव्हा तो शोधा. अर्थशिवाय गिटार वाजवत एका हाताने दुसऱ्या यंत्राला जोडलेला माइक धरू नका. ओठाला झिणझिण्या आल्या तर तो गाण्याचा परिणाम नव्हे.

तुमच्यासारख्यांना माझा कल असा : 30 वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प टोकियोच्या खोलीत आवाजाच्या एक आकड्यावर सुद्धा फिरवता येणार नाही. तिथे तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सरावाच्या खोल्या आहेत, चांगले अ‍ॅम्प मांडून ठेवलेल्या. गिटार आणि पेडल घेऊन जा. अ‍ॅम्प भावाकडे ठेवा, आणि त्याला महिन्यातून एकदा अर्धा तास चालू करायला सांगा. पावसाळ्यात तर नक्कीच.

प्रश्न : लंडनला बदली. दोन स्पीकरचा व्हॉल्व्ह कॉम्बो आहे, जवळजवळ 32 किलो. घरसामान जहाजाने जाणार. सामानवाले म्हणतात लाकडी पेटी करू. व्हॉल्व्ह काढायचे का? पेटी कशी हवी? – एक वाचक, ठाणे

उत्तर : जहाजानेच पाठवा. विमानात एका नगाला बहुधा 23 किलोची मर्यादा असते आणि 32 च्या वर गेलं की पैसे मोजूनही बहुतेक कंपन्या घेत नाहीत. पेटीसकट तुम्ही त्याच्या पार गेलात.

व्हॉल्व्ह काढायचे. आदल्या दिवशी वाजवून, पूर्ण थंड झाल्यावर. प्रत्येकाच्या खोक्यावर मार्करने जागा लिहा. लहान व्हॉल्व्ह एकमेकांत बदलले तर फक्त आवाज बदलेल, पण मोठी पॉवर व्हॉल्व्हची जोडी जुळवून लावलेली असते, ती चुकवायची नाही. कापसात गुंडाळून हातातल्या बॅगेत. व्हॉल्व्ह ओढताना काच वाकडी करू नका, हळूहळू सरळ वर. रिव्हर्बच्या (आवाज घुमवणाऱ्या) स्प्रिंगची पेटी तळाला असते. ती हलू नये म्हणून जाडसर फोमचा तुकडा तिच्या आणि लाकडाच्या मध्ये सारा. स्पीकरच्या जाळीपुढे प्लायवूडचा तुकडा द्या, कापडाला न टेकवता. आणि निघायच्या आधी स्पीकरचे नट आणि चॅसीचे (आतल्या धातूच्या सांगाड्याचे) स्क्रू आवळा. महिनाभर इंजिनाच्या थरथरीत ते आपोआप सैल होतात आणि लंडनला पोचल्यावर 'अ‍ॅम्पमधून नवीनच खरखर' असं पत्र मला येतं.

पेटीचं लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेलं हवं. परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांना आयएसपीएम 15 नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे : लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश, 30 मिनिटं, म्हणजे कीड मरते. तसा शिक्का आणि त्यावर एचटी ही अक्षरं असल्याशिवाय खोकं बंदरात अडतं. प्लायवूडच्या पेटीला हा नियम लागत नाही, म्हणून मी प्लायवूडच सुचवते. हलकीही होते.

ब्रिटनमध्ये सामान शुल्कमाफ न्यायचं तर निदान सहा महिने तुमच्याकडे असलेलं आणि वापरलेलं हवं, आणि ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सचा (राहायला येत असल्याचा) अर्ज सामान पोचण्याआधीच मंजूर झालेला हवा. सामानवाला हे सांगेलच असं नाही.

तिथल्या प्लगच्या पोटात फ्यूज असतो. नवीन वायरीत पुष्कळदा 13 अँपिअरचा घालून देतात. 700 वॅटच्या आतल्या वस्तूला 3 अँपिअरचा पुरतो, तो बदलून घ्या. आपला गोल पिनांचा प्लग मूळचा त्यांचाच. घरांतून त्यांनी तो केव्हाच काढून टाकला, पण तिथल्या नाट्यगृहांत रंगमंचावरच्या दिव्यांना आजही 15 अँपिअरचा गोल पिनांचा प्लग दिसतो. ठाण्याचा माणूस तो बघून एकदम घरी आल्यासारखा होतो. तिथे अ‍ॅम्प लावायचा नाही, तो दिव्यांच्या डिमरचा असतो.

प्रश्न : माझ्या गिटारचा फिंगरबोर्ड (तारा दाबायची पट्टी) शिसवीचा आहे. कॅनडाच्या विमानतळावर जप्त करतात म्हणे? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : आता नाही. 2017 च्या सुरुवातीपासून जगभरच्या शिसवीवर साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय) करारान्वये कागदपत्रांची सक्ती आली होती आणि वादक हैराण झाले होते. 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. अपवाद ब्राझीलच्या शिसवीचा. ती 1992 पासून सर्वांत कडक यादीत आहे आणि तिला परवाना लागतोच. तुमची गिटार अलीकडे कारखान्यात बनलेली असेल तर तिच्यात ती असायची शक्यता फार कमी. आजोबांच्या काळातली, पोर्तुगालमार्गे घरात आलेली असेल तर आधी जाणकाराला लाकूड दाखवा. आणि अ‍ॅम्पबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत; कॅनडात 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ, तेव्हा कोथरूडच्या वाचकाला दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू.